अवांतर नको

३ फेब्रुवारी, सोमवार

उडवले! सकाळपासून एकामागून एक मेसेज उडवतेय. दोन सूर्योदय, एक गुडघेदुखीचं तेल, पॅन कार्ड आधारला कसं जोडायचं, आणि सांगलीच्या काकांचा नातू दहावीला बसतोय त्याला आशीर्वाद हवेत. ग्रुपचं नावच 'बायपॅप मशीन मदत' आहे. नाकातोंडावर मास्क, मशीन हवा आत ढकलणार, त्यावर आपलं माणूस तगणार. त्या मशीनबद्दल विचारा. अवांतर नको. एवढं साधं कळत नाही लोकांना?

नवनाथभाऊ म्हणाले, "ताई, तुम्ही लय मनाला लावून घेता. उडवायचं न् सोडून द्यायचं." ते विंचूरचे, वाइन पार्कातल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. ग्रुपचे दुसरे अ‍ॅडमिन. त्यांच्या बायकोचं, संजनावहिनींचं मशीन आणि पप्पांचं मशीन एकाच कंपनीचं, त्यावरून ओळख झाली. कुठलाही बिघाड सांगा, यांचं उत्तर तयार. ते नसते तर मी एकटीने हा गाडा हाकला नसता.

५ फेब्रुवारी, बुधवार

येवल्याच्या ज्ञानेशभाऊंनी दुपारी ग्रुपवर टाकलं — "लय थकलो राव." बस. पुढे काही नाही. पैठणी विणतात ते. घरी आई ठमाबाई, मशीनवर. बाकी कोणी नाही.

उडवला. खाली माझी ठरलेली ओळ — 'ग्रुपचा विषय मशीन आहे. कृपया अवांतर नको.' त्यांनी लगेच हात जोडले, "सॉरी ताई." गरीब माणूस. वाईट वाटलं. पण एकाला सोडलं की सगळे सुटतात!

हा नियम मी हौसेने केलेला नाही. मागच्या वर्षी भरदुपारी पप्पांचं मशीन बंद पडलं. मी ग्रुपवर विचारलं. नेमकं त्याच वेळी लातूरचे कुणी आजोबा गेल्याची बातमी आलेली — भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली, हात जोडलेले, फुलं, दिवे... माझा प्रश्न कुठल्या कुठे गेला. पप्पांचे ओठ निळे पडत होते आणि मी स्क्रीन वर सरकवत होते. नवनाथभाऊंनी तो पाहिला म्हणून. फोनच केला त्यांनी. "अ‍ॅडॉप्टरची पिन ढिली असंल. दाबून धरा!" तेवढंच होतं.

त्याच आठवड्यात मी चौथा नियम टाकला. निधनाची बातमी नको. श्रद्धांजली नको. ज्यांचं माणूस गेलं त्यांनी शांतपणे ग्रुप सोडावा, नव्या माणसाला जागा होते. कोणी कुरकुरलं नाही. लोक गुपचूप निघून जातात आता. 'अमुक यांनी ग्रुप सोडला' असं दिसलं की मी समजते आणि पुढच्या प्रश्नाकडे वळते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

रमाई जयंती. मोतीराममामांनी घातल्या ग्रुपवर शुभेच्छा! मी ऑफिसात असते तेव्हा मामा पप्पांजवळ बसतात, म्हणून त्यांना ग्रुपमध्ये घेतलंय. उडवला त्यांचाही.

"घरच्या माणसाचा मेसेज काढती? आणि तोबी रमाईचा?"

"मामा, लोकांचे सूर्योदय काढते, तर हाही काढावा लागतो."

मामा खीर न खाता गेले. पप्पा मास्कच्या आत हसत होते. त्यांना माझी फजिती झालेली फार आवडते.

८ फेब्रुवारी, शनिवार

ज्ञानेशभाऊंचा प्रश्न आला — "मास्क लीकचा अलार्म कायमचा बंद करता येतो का?"

याला म्हणतात प्रश्न! मशीनचं नाव, मॉडेल, स्क्रीनचा फोटो. रडगाणं नाही, पाल्हाळ नाही. मास्क सैल झाला किंवा निघाला की मशीन ओरडतं, काहींना त्याचा फार जाच होतो. मी उत्तर दिलं. नवनाथभाऊंनी अंगठा दाखवला. ज्ञानेशभाऊंचे आभार आले. माझ्या बोलण्याचा राग धरला नाही, हे बरं झालं.

११ फेब्रुवारी, मंगळवार



ज्ञानेशभाऊंनी पुन्हा विचारलं — "मास्क काढला का मशीन आपोआप बंद पडतं. तसं न होता चालूच राहील असं करता येईल का?"

मी उत्तर लिहून काढलं. अगदी सवयीने. पाठवणार, तेवढ्यात त्यांचा आधीचा प्रश्न आठवला.

अलार्म बंद. मास्क काढलेला. मशीन मात्र चालू. बाहेर बसलेल्याला वाटणार, आवाज येतोय, म्हणजे म्हातारी ठीक आहे. कुणालाही कळणार नाही. आणि त्याआधी लिहिलेलं — लय थकलो राव. ते मी उडवलं. अलार्मचं उत्तर मीच दिलं!

माझं लिहिलेलं पुसलं. तोवर सोलापूरच्या एका ताईंनी त्यांना सगळं सांगूनही टाकलं होतं. खाली ज्ञानेशभाऊ — "जमलं. धन्यवाद."

नवनाथभाऊंना फोन लावला. म्हटलं, विचारू का त्यांना, हे कशाला हवंय?

"नाय ताई. 'का' विचारायचं नाय. आपण मशीनचं बघायचं. कोणाच्या घरात डोकवायचं नाय."

"पण भाऊ, तिकडे बाईचा जीव जायचा!"

"तुम्हाला काय माहीत? उगा काहीच्या बाही मनात आणू नका." आणि फोन ठेवला. असे कधी ठेवत नाहीत. माझ्यावर चिडले असावेत. चिडू देत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ज्ञानेशभाऊंना वेगळा मेसेज केला — 'आई कशा आहेत?' निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

ऑफिसात दोनदा चुकीच्या फाइलवर शिक्का मारला. साहेब म्हणाले, "मॅडम, लक्ष कुठंय?" लक्ष येवल्यात आहे, साहेब. पोलिसांना कळवावं तर काय कळवू? एका माणसाने मशीनची सेटिंग विचारली हो, पकडा त्याला? आणि ज्ञानेशभाऊंना काय विचारू? तुम्ही आईचा मास्क काढणार आहात का? असलं विचारायची रीत कुठे असते?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जेवणाच्या सुटीत न राहवून फोनच केला. उचलला त्यांनी.

"मी मनाली बोलतेय, ग्रुपवरची. आई बऱ्या आहेत ना?"

म्हणाले, "हायेत ना ताई. मशीन चालू हाये."

मशीन चालूच होतं. मला ऐकू येत होतं, पण आवाज वेगळा होता. मास्क तोंडावर असला की मशीनचा आवाज श्वासाबरोबर वर-खाली होतो. काढून ठेवला की एकसारखा सूं वाहतो, पाइप सुटलेल्या नळासारखा. पप्पांच्या उशाशी बसून बसून ते दोन्ही आवाज मला पाठ झालेत. फोनमध्ये नुसतं सूं चाललं होतं!

"मास्क लावलाय ना हो त्यांना?"

"ठिवतो ताई, माग चालू हाये." कट.

घरी येऊन पप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी मास्क बाजूला केला. थोडा वेळ चालतं त्यांना. "थकल्यावर माणूस असं करतं, असं वाटतं तुला?"

हे दुसऱ्या कुणाला सुचलं नाही, मलाच का सुचलं? कारण मीही थकते. खूप थकते. झालं लिहून. आता यावर पुढे काही लिहीत नाही.

पप्पांना कळलं असावं. मास्क पुन्हा चढवता चढवता म्हणाले, "जाऊन ये. विचारायला काय जातं?"

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जाते. मागे आमच्याकडचा जास्तीचा मास्क त्यांना कुरियर केला होता, तो पत्ता आहे. उद्या मामा पप्पांजवळ बसणार. "आता गं कुठं गेला तुझा नियम?" असं टोचून घेतलंच त्यांनी. ऐकून घेतलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सगळं नीट लिहायचंय.

एसटीत बसल्यापासून मनात एकच — पोहोचेपर्यंत बाई जिवंत असू देत. विंचूरला गाडी थांबली. नवनाथभाऊंना बोलवावं, सोबतीला या म्हणावं असं फार वाटलं. पण ते पुन्हा तेच म्हणाले असते, डोकवू नका. फोन पर्समध्ये टाकला.

येवल्यात विचारत विचारत गल्ली सापडली. दोन्ही बाजूंनी मागांचे आवाज. ज्ञानेशभाऊंचं दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत माग, त्यावर जांभळी पैठणी चढवलेली, अर्धी झालेली. आतल्या खोलीतून मशीनचा आवाज. तोच. एकसारखा सूं.

मी चपला न काढता आत शिरणार होते. म्हातारीच्या तोंडाला मास्क लावायचा, मग काय ते बोलायचं, असं वाटेतच ठरवलं होतं. तेवढ्यात ते मागावरून उठून पुढे आले.

डोक्याचं मुंडण केलेलं होतं. केस नुकते फुटत होते.

मी चपला दारातच काढल्या. विचारायचं काही राहिलंच नव्हतं. तरी तोंडातून गेलं, "कधी?"

"संक्रांतीच्या आदल्या दिशी. दवाखान्यात न्हेली व्हती. दोन दिवस काढले तिनं."

म्हणजे अलार्मचं विचारलं तेव्हा ठमाबाई नव्हत्याच. 'लय थकलो' म्हणाले तेव्हाही नव्हत्या. आणि मी या माणसाला काय काय ठरवून बसले होते! लाज वाटली. इतकी की नजर वर होईना.

आतल्या खोलीत रिकामी खाट. उशीवर मास्क ठेवलेला, आणि त्यातून वारा वाहतोय.

"दोन वर्सं ह्या आवाजावर माग चालवलाय ताई. आवाज चालू हाये म्हंजी आई हाये, आपण विणायचं. आता बंद केली का हातच चालत नाय. धोटा हातात तसाच ऱ्हातो. पण कुनी मास्क लावेल नाय ना, म्हून ती मधीच वरडायची. न् मी उठून आत पळायचो. सवयीनं. आत जाऊन बघतो तर खाट रिकामी. तेवढं वरडनं बंद पायजे व्हतं."

शेजारच्या भागुबाई चहा घेऊन आल्या. मला बघून म्हणाल्या, "पाव्हनी हाये का? तुम्ही तरी समजवा बाई. येड्यावानी मशीन चालू ठिवतो." ज्ञानेशभाऊंनी कप माझ्यापुढे सरकवला.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "अहो, ग्रुपवर सांगायचं ना!" आणि जीभ चावली.

"कसं सांगनार? नियम हाये ना. मानूस गेलं का ग्रुप सोडायचा." रागाने नाही, अगदी सरळ सांगितलं. चार शब्द रागाने बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. "सोडून मंग कुठं जाऊ ताई? सकाळी उठून बघतो, कुनाचा मास्क बसना, कुनाचा पाइप फाटला. येत असंल तर सांगतो. मानसात असल्यावानी वाटतं. म्हून फोनवर तुमच्याशी खोटं बोललो. तुम्ही काढून टाकाल म्हून."

काढलंच असतं मी. हळहळले असते आणि काढलंच असतं.

मशीन बंद करा असं काही मी म्हटलं नाही. चहा प्यायले. बराच वेळ खाटेच्या कडेला बसले. ठमाबाई कशा होत्या ते विचारलं. तेव्हा ते बोलायला लागले. आईला भेळ फार आवडायची, आणि मास्क काढून खायची म्हणून यांची भांडणं व्हायची. बोलता बोलता मागावर जाऊन बसले, चार धागे विणले, पुन्हा बोलले. निघताना मला स्टँडपर्यंत सोडायला आले. आम्ही घराबाहेर पडलो तेव्हा मशीन चालूच होतं.

घरी आल्यावर पप्पांनी भुवया उंचावून विचारलं. मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडले. मामा स्वयंपाकघरात निघून गेले.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ग्रुपवर मीच टाकलं — 'येवल्याच्या ठमाबाई गेल्या. चौथा नियम आजपासून रद्द. ज्यांचं माणूस आता नाही आणि तरीही जे इथे आहेत, त्यांनी कुठेही जाऊ नये.'

वाटलं, आता फुलांचा आणि हात जोडण्याचा पूर येणार. पप्पांच्या मशीनचा फिल्टर धुऊन आले, तरी एकही फूल नाही.

मग पहिला मेसेज आला. नवनाथभाऊंचा.

"थँक्यू ताई. संजना दिवाळीत गेली."