रतनच्या तोंडचा लगाम

१० जानेवारी १९३८, सोमवार
बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, पंचांची बैठक. यंदाच्या रथोत्सवात रथापुढचा झेंडा मी धरायचा, घोड्यावरून. वडलांनी बावीस वर्षं धरला. ते गेल्यावर दोन वर्षं मेहुणा वर्धमान मिरवला. आता पुरे. रीत अशी की झेंडा धरणाऱ्यानं आधी चाळीस दिवस कांदा, लसूण, बटाटा सोडायचा. सगळ्यांदेखत नियम घेतला. आवाज खणखणीत लागला. माझ्यासारख्याला चाळीस दिवस म्हणजे किस झाडकी पत्ती!

घरी आलो तर पद्मावतीनं गूळ-साखर सोडलेली. तुमचा नियम तडीला जावा म्हणून, म्हणाली. म्हटलं, बायको, मला आधाराची गरज नाही. तिला गुळाचा चहा म्हणजे जीव की प्राण. पण ऐकली नाही.

१२ जानेवारी
चिकोडीहून घोडा आणला. नाव रतन. घोड्याकडं बघायला मष्णू ठेवलाय. तो म्हणाला, लई गरीब जनावर हाय आण्णासाहेब, डोळं झाकून बसा. अंगणात सात फेऱ्या मारल्या. पद्मावती दारातनं बघत होती, बहुतेक कौतुकानं.

१५ जानेवारी
तंबाखूच्या कामाला रतनवरून निपाणीला गेलतो. तीन मैल. घोडा दमला म्हणून मोटार स्टँडजवळ केदारीच्या हॉटेलापुढं थांबलो. निव्वळ घोड्यासाठी. केदारीनं रतनला गुळाचा खडा दिला आणि माझ्यापुढं कांदाभज्यांची बशी ठेवली. मी फक्त वरचं बेसन खाल्लं. कांदा बाजूला काढत होतो. शेवटी शेवटी काढणं अवघड झालं.

१७ जानेवारी, संध्याकाळ
सरावाला मळ्याकडं निघालो. गावाबाहेरच्या चिंचेपाशी वाट फुटते. डावीकडं मळा, उजवीकडं निपाणी. रतननं मान ताणली, उजवीकडं वळला आणि थेट केदारीच्या दारात. अंगणात कोकरू, बाहेर वाघ! दारात गेल्यावर काही न खाता परतणं बरं दिसत नाही. एक बशी.

निष्कर्ष: हा साधा लगाम लेचापेचा आहे. बदलायचा.

२१ जानेवारी
लोहाराकडनं काटेरी लगाम करून आणला. पद्मावती म्हणाली, जिभेला टोचलं तर पाप कुणाला? मुद्दा बिनतोड. आपण जैन माणसं, पाणीसुद्धा गाळून पितो. म्हणून काट्यांवर फडकं गुंडाळलं. अहिंसाही राहिली, धाकही राहिला. डोकं लागतं.

रात्री पद्मावती पाणी गाळायचं फडकं शोधत होती. मीही शोधू लागलो.

२२ जानेवारी
चिंचेपर्यंत रतननं फडकं चघळलं. गोड लागलं असावं. मग उजवीकडं. दोन बशा. घोडा चघळतोय आणि आपण नुसतं बसायचं, हे बरोबर नव्हे.

२८ जानेवारी
मोटारीनं बेळगाव. कॅम्पातल्या खोगीरवाल्याकडनं इंग्लिश लगाम घेतला, पेल्हम. हनुवटीखाली साखळी, दोन्ही बाजूंना दोन-दोन दोऱ्या. गोऱ्या पलटणीचे घोडे यानंच ताब्यात राहतात म्हणे. खोगीरवाल्यानं विचारलं, तुमचा घोडा बाहेर ओढतो तो कुठं? म्हटलं, कुठंही. तो म्हणाला, कुठंही ओढणारा घोडा मी अजून बघितला न्हाय, तो कुठंतरीच ओढतो. फार बोलतो माणूस. साखळीची किंमत विचारून विषय बदलला.

५ फेब्रुवारी
पेल्हम. अंगणात झकास. मान कमानीसारखी! चिंचेपाशी चारी दोऱ्या ओढल्या. रतन नेहमीपेक्षा लवकर पोचला. दोन बशा, वर चटणी.

मष्णू म्हणाला, मालक, मी रोज सकाळी नुसत्या दोरीवर मळ्यात नेतो की ह्याला, सुतासारखा सरळ जातोय. मष्णूला घोड्यातलं कळत नाही. एक मात्र ध्यानात आलं. ह्या जनावराचं वाकडं फक्त माझ्याशी आहे.

११ फेब्रुवारी
वर्धमान आलता. म्हणाला, दाजी, जमत नसंल तर मी हाय की. आहेस ते माहीत आहे! त्याला पेल्हमची साखळी दाखवली.

तो गेल्यावर पद्मावतीनं विचारलं, अंगरख्याला तळणाचा वास कसा? म्हटलं, घोड्याचा घाम. ती उठली, गोठ्यात गेली आणि रतनला हुंगून आली. बिनगुळाचा चहा तोंड वाकडं करून प्यायली. मला वाईट वाटलं. उद्यापासून घोड्याची गय करणार नाही.

१८ फेब्रुवारी
उद्या रथोत्सव. फेटा तयार, झेंड्याची काठी तेल लावून तयार. एकोणचाळीस दिवस झाले. हिशोब केला तर त्यातले निदान अकरा कडकडीत पाळले. संकटं बघता थोडके नव्हेत. वडील वरून बघत असतील.

१९ फेब्रुवारी, शनिवार
लिहायला हात होत नाही.

रथ चिंचेपर्यंत नेऊन परत फिरवायची रीत. तिथवर सगळं झकास. लोक म्हणत होते, अगदी थोरले आण्णा दिसत्यात. डोळे भरून आले. चिंच आली. रथ वळला, रतन वळला नाही. झेंडा हातात, फेटा सुटलेला, मी तीन मैल वाऱ्यावर. मागं लोक ओरडत होते, झेंडा चालला, धरा धरा! वर्धमाननं बैलगाडी पळवली. गाडीत पद्मावती.

केदारी दारातच होता. गाडी येऊन ठेपली, तेव्हाच मोठ्यानं म्हणाला, या आण्णासाहेब, आज झेंडा घिऊन? रोजच्या दोन बशा आणू न्हवं? कांदा जादा? आणि सवयीनं रतनच्या तोंडात गुळाचा खडा घातला.

पद्मावती माझ्याकडं बघतच नव्हती. रतनच्या तोंडाकडं बघत होती. म्हणाली, म्हंजे ह्याला बी रोज गूळ मिळत होता व्हय.

एवढंच. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

झेंडा वर्धमाननं परत नेला. रतनवरूनच. पेल्हम काढून टाकला, साधी दोरी लावली. घोडा पावलापावलानं, मान खाली घालून गेला. दगाबाज! महिनाभर ह्याला केदारीचा गूळ खाऊ घातला, आणि ऐन वेळी सगळ्यांपुढं असा उघडा पाडला.

२३ फेब्रुवारी
रतन वर्धमानला देऊन टाकला. सुंठीवाचून खोकला गेला. केदारीही फितूर, मष्णूही फितूर, त्याला सगळं ठाऊक होतं म्हणे. तिन्ही लगाम खुंटीला. आता मन स्वच्छ.

पद्मावतीनं अजून गूळ सुरू केलेला नाही. म्हटलं, अगं, रथ झाला, आता काय? म्हणाली, मोडला तो तुमचा नियम, माझा कुठं मोडलाय? तुमचं चाळीस दिवस खरोखर पुरं झालं की खाईन.

ठीक. आजपासून पुन्हा मोजायचं. घोडाच नाही, तर अडचण कसली?

२५ फेब्रुवारी
मळ्याकडं पायी निघालो. हवा छान. चिंचेपाशी थांबलो, जरा सावलीला. मग उजवीकडं वळलो. कुणी ओढलं नाही. तीन मैल चाललो. केदारीनं न विचारता दोन बशा ठेवल्या. बाहेर खांबाकडं बघितलं. तिथं कोणी बांधलेलं नव्हतं.

घरी पद्मावतीनं चहा पुढं केला. माझ्यासारखाच तिनंही घेतला, फक्त तिचा बिनगुळाचा. विचारलं, आज कितवा दिवस?

तिसरा म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं.

म्हटलं, उद्या पहिला.