खाऱ्या पाण्याच्या टाकीची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय कवळ्या बनवणे (आता बंद), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी आधी स्वतःचा दाखला आणावा. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागात केली होती. हेही रागातच केले आहे, पण याला दाखला आहे.

वकिलांनी मसुदा वाचून सांगितले, "बाई, यातले टोमणे काढले तर सगळं एका पानात बसेल." मी म्हटले, "टोमणे काढले तर माझं काय उरलं?" त्यामुळे ते तसेच ठेवले आहेत.

घराचे कलम शेवटाकडे आहे. ज्यांना तेवढेच वाचायचे आहे त्यांनी धीर धरावा.

कलम १. माझी हत्यारे, म्हणजे मेणाच्या सुऱ्या, लहान भट्टी आणि साचे, दवाखान्यात माझ्या जागी आलेल्या कारागीर बाईंना द्यावीत. दंतवैद्यांना फक्त वाकलेली सुरी द्यावी. चौतीस वर्षे मी त्यांच्याकडे होते. कवळी नीट बसली की ती 'आम्ही बनवलेली' असायची आणि सैल झाली की 'तिने बनवलेली'.

कलम २. माझा सख्खा पुतण्या यास मत्स्यालय मंडळाच्या दिनदर्शिकेच्या उरलेल्या अठरा प्रती मिळाव्यात. कारण लिहून ठेवते.

रुग्णांच्या दातांचा रंग जुळवण्यासाठी मी ज्या लेन्सने फोटो घेत असे, त्याच लेन्सने पुढे घरातल्या माशांच्या टाकीतल्या प्रवाळांचे घेऊ लागले. दात हलत नाहीत आणि प्रवाळ पाण्याबरोबर डोलतात, म्हणून फोटोआधी पाणी फिरवणारा पंप बंद करावा लागतो. खोलीत अंधार करायचा, काळे कपडे घालायचे, नाहीतर काचेत आपलेच थोबाड दिसते. टाकीच्या निळ्या दिव्याखाली कॅमेरा फसतो. त्याला पांढरे म्हणजे काय हे दाखवावे लागते, म्हणून मी प्रवाळाशेजारी चिनीमातीचा एक दात ठेवते. माझ्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात तो दात आहे.

पुतण्याने संगणकावर एका फोटोतला तो दात पुसला, माझा तपकिरी प्रवाळ गुलाबी केला आणि तो फोटो माझ्या नावाने मंडळाला दिला. मंडळाने तो दिनदर्शिकेत छापला. मी जाब विचारला तर म्हणतो, "आत्या, लोकांना असंच आवडतं." मी म्हटले, "लोकांना पांढरेफेक दातही आवडतात. तोंडात बेसिन बसवल्यासारखं दिसतं." तो हसला. मी विनोद केला नव्हता.

कलम ३. मंडळास काही नाही. अध्यक्षांनी माझ्या शोकसभेत बोलू नये. बोललेच तर टाकीला 'विरंगुळा' म्हणू नये.

कलम ४. धाकटी बहीण. नऊ वर्षांपूर्वी उन्हाळ्यात पहिली टाकी मेली. मी 'मारली' असे लिहिले होते, वकिलांनी शब्द बदलायला लावला.

त्या दिवशी सकाळी मीच तिला म्हटले होते, "तुला साधा फोटो जमणार नाही. हात बघ कसे थरथरतात." आणि दवाखान्यात गेले. तिने पंप बंद केला, काळा झगा घातला, दात ठेवला आणि फोटो काढला. तो इतका चांगला आला की मला दाखवण्यासाठी छापून आणायला ती तशीच धावली. दुकानात गर्दी होती. चार वाजता पाकीट घेऊन परतली तेव्हा पंप बंदच होता. पाण्यातला प्राणवायू संपला होता. मासे वर आले होते, कोळंबी आडवी पडली होती, आणि बारा वर्षांचा मोठा प्रवाळ विरघळून त्याचा शेंबूड झाला होता. तो वास पडद्यांतून महिनाभर गेला नाही. मी तिला म्हटले, "या खोलीत पुन्हा पाय ठेवलास तर याद राख."

तिने ठेवलेला नाही. आम्ही एका घरात राहतो, एका टेबलावर जेवतो, आणि दूध, गॅस व गोळ्या यांखेरीज बोलत नाही.

मात्र दोन गोष्टी नोंदवणे भाग आहे. एक, तो फोटो माझ्या कुठल्याही फोटोपेक्षा चांगला आहे. हे मी तिला सांगितलेले नाही.

दोन, मी नवी टाकी केली तेव्हापासून, फोटोसाठी पंप बंद केला की घरघर थांबते आणि ती दारात येऊन उभी राहते. आत येत नाही. घरघर पुन्हा सुरू झाली की जाते. पहिली दोन वर्षे मला वाटले, माझ्यावर पाळत ठेवते आहे. या नऊ वर्षांत मी स्वतः तीनदा पंप विसरले. एकदा फोन आला, एकदा कॅमेऱ्याचे कार्ड शोधायला गेले, आणि एकदा काहीच कारण नव्हते, वय झाले. तिन्ही वेळा दारातून आवाज आला, "ताई, पंप." तिन्ही वेळा मी म्हटले, "माहीत आहे." माहीत नव्हते.

कलम ५. सबब टाकी, तीतले सर्व जीव, कॅमेरा, लेन्स, दातांची डबी आणि टाकी हलवता येत नसल्याने घरातला माझा अर्धा हिस्सा, हे सर्व धाकट्या बहिणीस मिळावे. पुतण्याने आशा ठेवली होती हे मला ठाऊक आहे, पण त्याच्या हाती पंपाचे बटण म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. खोलीत येण्याची मनाई मी उठवत आहे. ही माफी नव्हे. ज्याच्या हातून टाकी कधी मेली नाही अशा माणसाचा मला भरवसा नाही. दुधाने जिचे तोंड पोळले तीच ताक फुंकून पिणार. तिने दर महिन्याला फोटो काढावा. तिच्यासाठी दारात कोणी उभे राहायची गरज नाही.

कलम ६. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असा कायदा आहे. त्यामुळे आज धाकटीला बाहेर बसवले. तिने विचारले, "माझी सही लागेल का?" मी म्हटले, "नाही." ती साक्षीदारांसाठी चहा ठेवायला गेली. आपल्याला काही ठेवलेले नाही, असे तिला वाटले. मी जिवंत असेपर्यंत तिला तसेच वाटेल, कारण तोंडावर चांगले बोलणे मला जन्मात जमलेले नाही आणि एकाहत्तराव्या वर्षी ते शिकायची माझी तयारी नाही. वकिलांनी हे मृत्युपत्र टाकीच्या खोलीत वाचावे. ती दारातच थांबेल. आधी तिला आत घ्यावे, बसायला खुर्ची द्यावी, आणि मगच पहिली ओळ वाचावी.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. एकही शब्द मागे घ्यायचा नाही. सही माझी, साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत केलेली.

(सही) कवळीवाल्या बाई

साक्षीदार १: खालच्या मजल्यावरचे घड्याळदुरुस्ते (सही)
साक्षीदार २: कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)

ठिकाण: राहते घर, टाकीची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजता. पंप चालू.