कुणाकडून आलं

९ ऑक्टोबर २०२५, धार

‘हे दुखणं तुमच्या माहेरचं. आमच्या रक्तात नाही असलं काही.’ कुक्षीची मावशी स्तनाच्या कॅन्सरने गेली, तेव्हा देवासच्या आत्यासाहेब आईला म्हणाल्या होत्या. आई पोळ्या लाटत राहिली.

आता मलाही तेच झालंय, केमो चालू आहे. जनुकात दोष सापडला — वारशाने येणारा. आई-आबा दोघंही नाहीत. दोष कुणाकडून आला, तपासायचं कुणाला?

११ ऑक्टोबर

मामाच्या कृतिकाला सगळं सांगितलं. घाबरली बिचारी. दोषाचं देवासला कळवलं नाही. त्यांचा काय संबंध!

१६ ऑक्टोबर

डॉ. अल्पना म्हणाल्या, एक नवी तपासणी आहे, अजून संशोधनातच आहे. माझं एकटीचं रक्त पुरेल. डीएनएचा धागा अतिसूक्ष्म छिद्रातून जाऊ देतात. विजेचा प्रवाह कमीजास्त होतो, त्यावरून एकेक अक्षर ओळखतात. काही अक्षरांवर रासायनिक खूण असते, तिथे प्रवाह वेगळाच हलतो. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. आणि काही जागी ती खूण फक्त आईकडच्या प्रतीवर असते, काही जागी फक्त वडिलांकडच्या. म्हणून दोष कोणत्या प्रतीवर आहे, ते बहुतेक कळतं.

माणसं गेली, त्यांच्या खुणा माझ्यात आहेत. रक्त दिलं.

२४ ऑक्टोबर

देवासहून प्रियांकाचा फोन. काकासाहेबांची एकुलती एक. मार्गशीर्षात लग्न, केळवणं सुरू झालीत. म्हणाली, ‘ताईसाहेब, तोवर केस नाही आले तर फेटा बांधा. मैं भी बाँध लूँगी, फोटो मस्त येतील.’

खूप हसलो. फोन ठेवला आणि मनात आलं — आबांकडून आलं असेल तर?

२७ ऑक्टोबर

काकासाहेबांशी बोलले. दोष आबांकडूनही आला असेल, प्रियांकाची तपासणी करून घ्या, एवढंच. आवाज एकदम थंड झाला. ‘बेटा, केळवण झालेल्या मुलीला आपल्यात सुई टोचत नाहीत. आणि व्याह्यांपर्यंत बात गेली तो क्या जवाब दूँ?’

३ नोव्हेंबर

निकाल उद्या. देवा, आईकडूनच असू दे.

काय मागतेय मी! कृतिकाचं काय मग?

४ नोव्हेंबर

आबांकडून.

काकासाहेब नाहीच म्हणतील. तरी निरोप पाठवला — ‘प्रियांकाला काही सांगू नका, तिला टोचूही नका. फक्त तुमचं रक्त द्या. तुमच्यात दोष नसेल, तर तिच्यातही नाही.’