एकाच कड्याची सावली

११ मे

खोऱ्यात उतरलोच नाही! मीटर पाठीला लावून निघालो होतो खरा, पण चौकात कॉफीवाल्याकडे सोंगट्यांचा पट मांडला होता. दोन डाव खेळू म्हटलं — चार वाजले! खोऱ्यात साठ जागी थांबून लांबच्या दोन टॉवरची रेंज मोजायची होती. साठ जागा! मग तिथेच फाशांवर भागवलं. चर्चजवळच्या टॉवरसाठी एकदा टाकायचे, खाणीजवळच्या टॉवरसाठी एकदा. पडेल त्यावरून आकडा लिहायचा. कागद कसा भरगच्च दिसतो!

१२ मे

फाइल पाठवली. कुणी काही विचारलं नाही.

२० मे

रोसित्साबाई आल्या होत्या, आमच्या इंजिनिअर. मी कशासाठी मोजतोय ते आज कळलं. गावातला जुना टॉवर आणि लांबचे दोन नवे एकाच लहरीवर बोलतात, एकमेकांचं बोलणं खोडतात. म्हणून गावात फोन खरखरतो. जुना काढायचा म्हणे. पण मग खोऱ्यात रेंज उरेल का? ते बाई कॉम्प्युटरवर खोटं खोरं उभं करून बघतात. उत्तर आलं — उरेल!

"डोंगराच्या सावलीत एका टॉवरची रेंज गेली तरी दुसऱ्याची लागतेच. तुझ्या आकड्यांत दोघांचा काही संबंधच दिसत नाही."

फाशांचा कसला संबंध!

घरी आलो तर घरमालकीण केरानामावशी फोनवर ओरडत होती. नवरा मानोल खोऱ्यात मेंढ्या राखतो, त्याला फिट येतात. "गोळी घेतलीस? खोटं बोलू नकोस, गिळताना आवाज काढ!" त्याने काढला असावा. मावशी हसली. बटाट्याची पोळी वाढली मला. खाववेना.

२३ मे

उतरलो शेवटी. साठही जागा केल्या. चर्चच्या टॉवरची रेंज गेली की खाणीच्या टॉवरचीही जाते — दर वेळी! दोघांच्या वाटेत तोच एक कडा आडवा.

मानोल भेटला. चीज कापून दिलं. "डबा घेऊन काय हुडकतोस रे, सोनं?"

"रेंज."

"इथे आहे की! गावच्या टॉवरची. बायको रोज तिच्यावरूनच माझं डोकं खाते."

तो टॉवर जाणार आहे, हे तोंडातून निघेना.

२४ मे

बाईंना सगळं सांगितलं. फाशांचंही.

"किती जागा?"

"सगळ्या."

बाईंनी चष्मा पुसला. मग नवे आकडे घालून पुन्हा चालवलं. पडद्यावरचं खोरं काळं पडत गेलं, पार खालपर्यंत. "टॉवर राहायला हवा. मी वर कळवते. फाशांचं मात्र साहेबांना तू सांगायचंस, स्वतःच्या तोंडाने."

२ जून

पेटकानोव्ह साहेबांपुढे उभा. त्यांनी नवी फाइल टेबलावर आपटली.

"हे दोन रकाने बघ. एक पडला की दुसरा पडतो, एक चढला की दुसरा चढतो. एक मोजलास आणि दुसरा त्याच्यावरून उतरवलास! मी काय काल जन्मलो?"

म्हटलं, साहेब, खोटी ती पहिली. फासे टाकून भरली होती.

"फासे!" पोट धरून हसले. "त्या मावशीने पढवलंय तुला. नवरा खाली असतो ना तिचा?"

बाई म्हणाल्या, "साहेब, कडा एकच आहे, म्हणून दोन्ही—"

"बाई, पहिली फाइल मंजूर झालीय."

बाईंनी नवी फाइल टेबलावरून उचलली. जन्मात एकदा मी मन लावून काम केलं, तेच खोटं ठरलं!

१९ जून

टॉवर उतरवला. गावात आवाज स्वच्छ, लोक खूश. खोऱ्यात शून्य. मावशीने मानोलला वर आणलं, मेंढ्या विकल्या. तो दिवसभर पायरीवर बसतो, कुणाशी बोलत नाही.

"तू तरी आमच्यासाठी भांडलास रे पोरा," मावशी म्हणाली. बाईंनी सांगितलं असणार. फाशांचं मात्र सांगितलेलं दिसत नाही.

मीही नाही सांगितलं.

२१ जून

पलीकडच्या खोऱ्याचं काम आलंय. मलाच. साहेब म्हणाले, "पहिल्या फाइलसारखे आकडे आण."

हो म्हणालो.