बाबांचा हुंकार

तीर्थरूप आई, पाया पडते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. फोनवर उत्तर उशिरा देते म्हणून तू 'शिष्ट झालीस' म्हणालीस, ते मात्र लागलं. यंत्रमागांच्या खडखडाटात कान अधू झालेत गं. घाबरू नकोस. तू बोललेलं फोन लगेच पडद्यावर लिहून दाखवतो, ते वाचून मी बोलते. कामाची पाळी संपल्यावर डोळे मिटायला लागतात, मग एखादी ओळ निसटते.

गुडघ्याला तेल लावतेस ना?

बाबा फोनवर नुसतं 'हं' करतात. ते पडद्यावर उमटतच नाही. चार महिने झाले, बाबा मला दिसलेले नाहीत. त्यांना म्हणावं, एखादा शब्द बोला. शिवी दिलीत तरी चालेल.

तुमची,
थोरली