सन्मानदिन बंद करवणाऱ्या फिटरचे मृत्युपत्र

माझे नाव, वय आणि पत्ता वकीलबाईंनी पहिल्या पानावर टाइप केला आहे, तो पुन्हा लिहीत नाही. मी पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे आणि उजवा कान सोडला तर माणूस चालू स्थितीत आहे, असा त्याचा अर्थ. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने, माझ्या हाताने लिहीत असून माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. दबाव आणायला घरात दुसरे माणूस असावे लागते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. पुढे यात बदल करण्याचा हक्क मी राखून ठेवतो, कारण माझा स्वभाव तसा आहे. हे सर्व अमलात आणण्याचे काम वकीलबाईंनी करावे.

त्या म्हणाल्या, मोजके लिहा. प्रयत्न करतो.

कलम १. माझ्या देहाबाबत.

जो विधी कमीत कमी लोकांना कमीत कमी वेळ उन्हात उभे करील, तो करावा. बिगूल नको, सलामी नको, भाषण तर नकोच. ‘शौर्य’ हा शब्द कोणी उच्चारू नये. मी लष्करात बावीस वर्षे फिटर होतो आणि त्यातली निम्मी वर्षे ट्रकच्या पोटाखाली, पाठीवर पडून काढली. बंदूक दरवर्षी नियमाप्रमाणे चालवली ती पुठ्ठ्याच्या माणसावर, आणि तोही बहुतेक वेळा वाचला. कोणाला काही सांगायचेच असेल तर एवढे सांगावे की याने दुरुस्त केलेली गाडी वाटेत बंद पडत नसे. ते खरे आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

कलम २. अवजारे.

पान्यांचे तिन्ही संच, दोन जॅक, बेअरिंग काढायचा पुलर आणि लोखंडी पेटी, गल्लीच्या तोंडाशी दुचाकींचे गॅरेज चालवणाऱ्या मुलीला द्यावी. मुलगी म्हणजे पस्तिशीची बाई आहे, पण मला मुलगीच वाटते. ती नेलेला पाना पुसून परत आणते. या गल्लीत हा गुण दुसऱ्या कोणात नाही. एकदा म्हणाली, “मिलिटरीकाका, घरी एकटे बसण्यापेक्षा गॅरेजवर येऊन बसत जा की.” मी म्हटले, बघू. गेलो नाही. कोणी बोलावले की माझा पाय अडतो आणि नाही बोलावले की मी खट्टू होतो. या दोषावर मला आजवर इलाज सापडलेला नाही. तिला एकच अट: पान्याने ठोकाठोक करू नये.

कलम ३. स्मृतिचिन्हे व प्रशस्तिपत्रे, नग प्रत्येकी एकोणीस.

ही नगरपालिकेच्या लष्कर सन्मानदिनी मिळालेली आहेत. सात चिन्हांवर तोफ आहे, एकावर लढाऊ विमान. विमानात मी कधी बसलेलो नाही. सर्व भंगारात द्यावीत, मात्र आधी पितळी स्क्रू काढून घ्यावेत, ते चांगल्या प्रतीचे आहेत. प्रशस्तिपत्रांत मला वीर, रणझुंजार आणि एके वर्षी नरसिंह म्हटले आहे. त्यांची मागची बाजू कोरी आहे, वाणसामानाच्या यादीला चालेल.

कलम ४. बँकेतील ठेव, आणि भाचा.

माझ्या बहिणीचा मुलगा हा माझा एकमेव रक्ताचा नातेवाईक. सन्मानदिनी तो न चुकता यायचा, माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायचा आणि फोटो सगळ्यांना पाठवत पाठवत निघून जायचा. सन्मानदिन बंद झाला तसा तो हातही बंद झाला. त्याला माझा काळा कोट द्यावा. आमच्या खांद्यांचे माप एकच आहे आणि त्या खांद्याशी त्याची ओळखही आहे. त्याच्या मुलीवर मात्र माझा राग नाही. ती सात वर्षांची असताना तिने मला विचारले होते, ट्रक मागे घेताना ड्रायव्हरला भीती वाटते का? सन्मानदिनाच्या कोणत्याही वक्त्याने इतका नेमका प्रश्न विचारला नाही. निम्मी ठेव तिच्या शिक्षणासाठी.

उरलेल्या निम्म्या ठेवीतून पेन्शनच्या बँकेच्या पायऱ्यांना कठडा बसवावा. वर्षातून एकदा आम्हाला तिथे जाऊन आपण जिवंत असल्याचे दाखवावे लागते. अकरा पायऱ्या आहेत आणि धरायला काही नाही. खिडकीमागची बाई वर न बघता विचारते, “हयात आहात ना?” मी म्हणतो, “हो.” गेली दोन वर्षे माझी विचारपूस करणारे हे एकच कार्यालय उरले आहे.

कलम ५. राहते घर, दोन खोल्या, मागच्या मोकळ्या जागेसह.

हे घर माझ्या सोबत्याच्या पत्नीस, म्हणजे वहिनींस द्यावे. कारण देणे कायद्याने बंधनकारक नाही, असे वकीलबाई सांगतात. मला ते द्यायचे आहे.

माझा सोबती लष्करात ट्रक चालवायचा. तो चालवणार, मी दुरुस्त करणार, आणि बिघाड कोणामुळे यावर दोघे भांडणार, असे अकरा वर्षे चालले. आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. छावणीच्या दवाखान्यात तो काविळीने गेला. शेवटचे चार दिवस मी त्याला चमच्याने पाणी पाजत होतो.

पुढे पुष्कळ वर्षांनी नगरपालिकेने सन्मानदिन सुरू केला. लष्कराच्या दप्तरात या शहराची नोंद असलेले आम्ही दोघेच निघालो: जिवंतांत मी, मृतांत तो. म्हणून पहिल्या रांगेत माझी आणि वहिनींची खुर्ची शेजारी शेजारी. वहिनी दोन तासांच्या अंतरावर, दिरांच्या घरामागच्या एका खोलीत राहतात. त्यांना आणायला पालिकेची गाडी जात असे.

दरवर्षी वक्ता सांगायचा की वहिनींचे पती सीमेवर लढता लढता धारातीर्थी पडले. वहिनी समोर बघत, ओठ न हलवता म्हणायच्या, “कावीळ.”

“आणि मी रणगाडे उडवले,” मी म्हणायचो.

“किती?”

“गेल्या वर्षी तीन होते. यंदा पाच झालेत.”

सन्मान स्वीकारताना हसू नये, एवढी शिस्त माझ्या अंगात होती. वहिनींच्या नव्हती. त्या रुमाल तोंडाला लावत आणि लोकांना वाटे, बाईंना भरून आले आहे. त्या दीड तासात आमचे वर्षभराचे बोलणे होई. दिरांचा दमा, माझे गुडघे, सोबत्याच्या खोड्या. कार्यक्रम संपला की त्या गाडीत बसत आणि मी चालत घरी येई. एकोणीस वर्षांत मी त्यांच्याकडे एकदाही गेलो नाही. एकट्या बाईच्या घरी काय म्हणून जायचे? सन्मानदिन हे निमित्त होते, आणि निमित्त सरकारी असल्यामुळे कोणाला बोलायला जागा नव्हती.

एकोणिसाव्या वर्षी प्रमुख पाहुणे तीन तास उशिरा आले. मांडव फक्त व्यासपीठावर होता. वहिनींना भोवळ आली. त्यांना पाणी पाजले, आणि जरा सावरल्या तसे फोटोसाठी पुन्हा उभे केले. मी घरी आलो आणि नगरपालिकेला चार पानी पत्र लिहिले: लष्करात आम्ही पगार घेऊन काम केले. विजेच्या खांबावर चढणारा आणि गटारात उतरणारा माणूसही जीव धोक्यातच घालतो, त्याला कोणी नरसिंह म्हणत नाही. वर्षातून एक दिवस टाळ्या वाजवून उरलेले दिवस विसरायची सोय तुम्ही करून ठेवली आहे. त्यापेक्षा हा तमाशा बंद करा. पालिकेचे तीन ओळींचे उत्तर आले. आपल्या सूचनेचा आदर राखून कार्यक्रम कायमचा बंद करण्यात येत आहे. पालिकेने माझे इतके लगेच पूर्वी कधीच ऐकले नव्हते. पेपरात बातमी आली, लोकांनी रस्त्यात माझी पाठ थोपटली. मी आठवडाभर छाती काढून चाललो.

मग तो दिवस आला. सवयीने कोटाला इस्त्री केली, बूट चकचकीत केले आणि पुढच्या खोलीत बसलो. अकरा वाजता डोक्यात उजेड पडला. माझा सन्मान गेला याचे मला काही नव्हते. पण मी वहिनींची खुर्ची उचलून टाकली होती, तीही त्यांना न विचारता. पुढच्या वर्षीही त्या दिवशी कोट घालून बसलो. तेव्हा सवयीचे कारण उरले नव्हते. जायला कुठे नव्हते, म्हणून बसलो. मला त्यांची फार आठवण येते. कायदेशीर कागदात असे लिहितात की नाही, ठाऊक नाही.

घर ज्यांना द्यायचे त्यांचा पूर्ण पत्ता वकीलबाईंनी मागितला, तेव्हा कळले की तो माझ्याकडे नाही. पालिकेच्या गाडीचा ड्रायव्हर आता निवृत्त झाला आहे, त्याला शोधून काढले. तो म्हणाला, “पत्ता कशाला? फोन लावतो, तुम्हीच बोला.” माझी हिंमत झाली नाही. म्हटले, “तूच सांग. मृत्युपत्र करतोय, पत्ता हवाय म्हणावं.” त्याने सांगितले, आणि पलीकडून आलेले उत्तर जसेच्या तसे मला ऐकवले: “त्यांना म्हणावं, मी येईपर्यंत कशावर सही करायची नाही.”

सबब सदर घरावर माझ्यामागे वहिनींचा पूर्ण हक्क राहील.

कलम ६. हे कलम मी साक्षीदारांसमोर लिहीत आहे. वकीलबाई घड्याळाकडे बघत आहेत, बघोत.

वहिनी आज अकराच्या बसने आल्या. केस सगळे पांढरे झाले आहेत. घरात बसायला पुरेसे काही नव्हते, म्हणून शेजारचे औषधदुकानदार स्टूल घेऊन आले आणि साक्षीदार म्हणून अडकले. मी वहिनींच्या हाती ही पाने दिली. तिसऱ्या कलमाला त्या हसल्या. पाचवे वाचून झाल्यावर त्यांनी पाने मांडीवर ठेवून विचारले:

“बंद करण्याआधी मला विचारलं होतंत?”

“नाही.”

“मला पेपरातून कळलं. दिरांनी वाचून दाखवलं. म्हणाले, तुझे भाऊजी तत्त्वाचे निघाले.”

“वहिनी, ते लोक धडधडीत खोटं बोलत होते.”

“खोटंच होतं ते. पण त्याच्या आधी ह्यांचं नाव घ्यायचे की नाही? पूर्ण नाव, माईकवरून. आता घरात ह्यांना पाहिलेलं कोणी उरलं नाही, भाऊजी. दीर सगळं विसरायला लागलेत. मी नाव घेतलं तर भिंती ऐकतात. वर्षातून एकदा चारशे माणसं ऐकायची. पुढचं सगळं मी त्यांना माफ करायचे.”

मी म्हणालो, चुकलो. तोंडी बोलणे टिकत नाही, म्हणून इथेही लिहून ठेवतो: माझी चूक झाली.

लष्करासाठी खास दिवस असावा का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर आजही ‘नसावा’ हेच आहे. वहिनींचे ‘असावा’ आहे. मांडव मोठा हवा आणि भाषण छोटे, एवढीच त्यांची दुरुस्ती. तासभर वाद झाला. दोन वर्षांत मी इतका बोललो नव्हतो, घसा बसला.

दुसरा साक्षीदार म्हणून तो ड्रायव्हर येणार होता, त्याचा निरोप आला की जमत नाही. वहिनी म्हणाल्या, “मी करते की सही.”

वकीलबाई म्हणाल्या, “तुम्हाला नाही चालणार. ज्यांना मृत्युपत्रात काही मिळतं, त्यांनीच साक्षीदार म्हणून सही केली तर त्यांना दिलेलं रद्द होतं.”

“म्हणजे घर मला मिळणार नाही.”

“नाही.”

“बाकीचा कागद?”

“तो चालेल.”

“मग द्या इकडे पेन.”

मी म्हटले, “वहिनी, त्या मागच्या खोलीत किती दिवस काढणार?”

त्या म्हणाल्या, “घर माझ्या नावावर केलंत तर मला तुम्ही जायची वाट बघत बसावं लागेल. ते मला जमायचं नाही. त्यापेक्षा महिन्यातून एकदा येत जाईन. कार्यक्रम नसला तरी बस असतेच.”

वकीलबाईंचे म्हणणे की कलम ५ अशा रीतीने पडते, आणि घरासाठी पुन्हा नवे मृत्युपत्र करावे लागेल. करीन. घाई नाही.

साक्षीदाराचे पूर्ण नाव लागते. वहिनींनी स्वतःचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव सावकाश लिहिले. तपासणीसाठी वकीलबाई ते वाचू लागल्या, तेव्हा वहिनी म्हणाल्या, “जरा मोठ्यानं.” वकीलबाईंनी पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने वाचले. मी उभा राहिलो. औषधदुकानदारांना कोणी काही सांगितले नव्हते, तरी तेही उभे राहिले.

येथे हे मृत्युपत्र संपते. मी ते वाचले आहे, मला ते समजले आहे, आणि खालील दोघांच्या देखत मी सही करीत आहे.

(सही) लिहून देणार, निवृत्त फिटर

साक्षीदार १. (सही) शेजारचे औषधदुकानदार

साक्षीदार २. (सही) माझ्या सोबत्याची पत्नी

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली.

दिनांक: महिन्यातला दुसरा मंगळवार. विशेष दिवस नाही.