‘हजर’ऐवजी ‘बाहेर’

बुधवार, १४ ऑक्टोबर

प्रिय ताईस,

नमस्कार. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा दुखतो, जीभ मात्र ठणठणीत आहे. मावशीकडे नीट जेवतेस ना?

‘भूकंप’मधला भू दीर्घ, हे तूच शिकवलंस. तो शब्द एकदाच लिहितो आणि पुढे जातो.

शाळा आता पत्र्याच्या शेडमध्ये भरते. मी शिपाई, पण घंटा देत नाही. धोक्याची खूणही तीच ना! मधल्या सुट्टीची दिली, तर अख्खी शाळा मैदानात, मागून स्वयंपाकीणबाई पळी घेऊन. आता मी वर्गोवर्गी “तास संपला हो” ओरडतो. मोठ्या बाई म्हणतात, “अगदी भाजीवाला झालास.”

बाहेर पडायचा सराव असतो. मैदानात हजेरी होते, तिथे ‘हजर’ऐवजी ‘बाहेर’ म्हणायचं. पोरं आता वर्गात बसूनही ‘बाहेर’च म्हणतात.

तुझ्या वर्गाला बाई नाहीत. मी शुद्धलेखन घालतो, पण सातवी नापास माणसाने किती रेटायचं? सोमवारपर्यंत बाई आल्या नाहीत, तर वर्ग मोडून मुलांना नदीपलीकडच्या शाळेत घालणार आहेत. मुलींना तिकडे कोण पाठवणार? मला झोप नाही. शेडचे आवळलेले स्क्रू पुन्हा आवळत फिरतो.

पुढचं लिहावं की नाही, कळत नव्हतं.

काल सरावात तुझ्या वर्गाची हजेरी मी घेतली. पहिल्या रांगेतली चिमणी म्हणाली, “बाईंचं नाव राहिलं.” मागून दांडगोबा ओरडला, “बाई तर सगळ्यांच्या आधी पळाल्या!”

चिमणी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मग? दार कोणी उघडलं? तुझ्या काकाने?”

तुझ्या जुन्या वर्गाचं ते फुगलेलं दार! आतून तू खांदा लावल्याशिवाय कधी हललं नाही. रोज धाडकन उघडायचीस आणि पोरं हसायची.

ताई, तू आधी पळालीस. मी मैदानातून पाहिलं, खोटं कशाला बोलू? पण दार उघडून पळालीस, आणि त्याच दारातून तुझ्यामागे सगळी आली. एकालाही ओरखडा नाही.

मग मी तुझं नाव घेतलं. सगळा वर्ग एकदम ओरडला, “बाहेर!”

पत्र बसच्या कंडक्टरकडे देतो आहे. रविवारी त्याच बसने ये. सोमवारी पुन्हा तुझं नाव घेईन. उत्तर पोरांना देऊ देऊ नकोस. तूच ‘हजर’ म्हण.

रविवारी शेवटची बस येईपर्यंत स्टँडवर उभा असणारा,
तुझा धाकटा